पाणी कुठं चाललं? – सरांच्या वहीतली चार दिवसांची ट्रिप

सर गेले त्याला मार्चमध्ये वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर काकूंनी कपाटातून एक वही काढली, किराणा दुकानात उधारी लिहायला असते ना तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, घे, तुम्हा पोट्ट्यांच्या सगळ्या सहली आहेत यात, मला आता चष्म्यातूनही नीट वाचवत नाही.

सर म्हणजे आमचे भूगोलाचे सर. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत चौतीस वर्षं. भूगोल आणि गणित दोन्ही शिकवायचे, पण वर्गात कमी आणि बाहेर जास्त. रविवारी सकाळी साडेपाचला जो कोणी शाळेच्या फाटकाशी येईल त्याला घेऊन सायकलवर सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी, कधी गोरेवाडा, आणि वर्षातून एकदा एसटीच्या लाल डब्यातून मोठी सहल. कुठंही गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी कुठं चाललं?" म्हणजे इथं पाऊस पडला तर तो वाहून कुठल्या नाल्यात, नाला कुठल्या नदीत, नदी कुठं. नाही सांगता आलं तर डबा उघडायचा नाही. उपाशी पोटी आम्ही नाग नदी कन्हानपर्यंत आणि कन्हान वैनगंगेपर्यंत कितीतरी वेळा नेऊन सोडली आहे.

तर वहीत प्रत्येक सहलीचं एक पान. तारीख, पोरं किती, वर्गणी, खर्च, आणि शेवटी "परत : सायं. ६.४०" असं काहीतरी. शेवटच्या पानावर मात्र एक प्लॅन होता, नुसता प्लॅन. "रामटेक – सिल्लारी – नवेगावबांध – नागझिरा. दिवस ४. सर्वजण." खाली पाच तारखा लिहिलेल्या आणि पाचही खोडलेल्या. ताई, म्हणजे सरांची मुलगी, ते बघून बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, चला ना आपण जाऊ. काकू लगेच, वर्गणी किती?

असे आम्ही पाच. काकू (वय चौऱ्याहत्तर, गुडघे बदललेले), ताई, ताईचा मुलगा जो अकरावीत आहे आणि सरांना आबा म्हणायचा, मी, आणि माझा वर्गमित्र ज्याला पन्नाशी आली तरी आम्ही मॉनिटरच म्हणतो. प्लस गाडीवाला भाऊ. वर्गणी काकूंनी ठरवली, काकूंनीच गोळा केली, आणि वहीत नवीन पान काढून लिहिली.

दिवस पहिला : रामटेक, मनसर, सिल्लारी

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, पावणेआठ झाले. कारण काकूंनी डिक्कीत गव्हाचं जाडं पीठ, तुपाचा डबा, वांगी आणि एक पोतं गोवऱ्या भरायला लावल्या. गाडीवाला भाऊ म्हणे काकू गोवऱ्या काहून, रस्त्यात हॉटेलं आहेत ना बाप्पा. काकूंनी त्याच्याकडे फक्त बघितलं. गोवऱ्या चढल्या.

कन्हानच्या पुढं पळस दिसायला लागला. मार्चमधला पळस ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही, पान एक नाही आणि झाडभर नुसता केशरी. पूर्वी होळीला याच फुलांचा रंग करायचो. सरांनी आम्हाला एकदा दोन दिवस आधी फुलं भिजत घालायला लावली होती आणि मग तो रंग हेडमास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर नेमका कसा गेला हा वेगळा विषय आहे.

रामटेकला आधी अंबाळा तलाव. मागच्या वर्षी सरांच्या अस्थी इथंच सोडल्या होत्या, नागपूरची बरीच मंडळी इथंच येतात. काकू पायरीवर बसल्या, पाण्यात हात घातला, दोन मिनिटं, आणि उठल्या. आम्हाला वाटलं होतं रडतील. त्या म्हणाल्या पाणी मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे.

मग वर गडमंदिर. गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते म्हणून जमलं. माकडांनी ताईच्या हातातला प्रसाद पहिल्याच वळणावर नेला. वाटेत केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, ही वाकाटकांच्या काळातली देवळं, पंधराशे वर्षं जुनी, पण लोक रामाच्या घाईत पुढं निघून जातात. सर आम्हाला आधी इथं थांबवायचे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं नागपूरच्या वा. वि. मिराशींनी मांडलं, त्याला विरोध करणारेही आहेत, आणि सर आम्हा सातवीतल्या पोरांना दोन्ही बाजू सांगून मग म्हणायचे, ते जाऊ द्या, ढग इथून निघाला तर वारा त्याला कुठं नेईल ते सांगा. भूगोलाचा माणूस. यक्षाच्या विरहाचं त्यांना काही पडलं नव्हतं.

वरून खिंडसी तलाव दिसतो. नातवानं मोबाईल काढून पॅनोरामा घेतला. मॉनिटर सवयीनं ओरडला, पाणी कुठं चाललं? आणि पोरगा पटकन म्हणाला, सूर नदी, मग वैनगंगा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. "आबांनी मला झोपताना हेच शिकवलंय," तो म्हणाला, "बाकीच्या पोरांना गोष्टी सांगतात."

मनसरला हिडिंबा टेकडीवर चढलो नाही, काकूंचे गुडघे. आम्ही शाळेत असताना इथं नुसती झाडी आणि ढिगारा होता, नव्वदच्या दशकाच्या शेवटी उत्खनन झालं आणि विटांचं केवढं बांधकाम निघालं, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, त्याची राजधानी प्रवरपूर ती हीच असं अभ्यासक म्हणतात. सरांनी तेव्हा आम्हाला मनसरला आणलं होतं ते मँगनीजसाठी. माझ्याकडे तो काळा जड दगड लग्न होईपर्यंत होता. नंतर घर आवरताना गेला, कोणी टाकला ते लिहीत नाही.

पवनीहून आत वळून सिल्लारीला, म्हणजे पेंचच्या जंगलाशी, पोचलो दुपारी. बुकिंगचा थोडा घोळ झाला, दोन खोल्या सांगितल्या होत्या एकच मिळाली, त्यावर एक तास गेला, सोडा.

खरी गंमत रात्री. पेंचचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं हे पेपरात वाचलं होतं, पण म्हणजे काय ते इथं उभं राहिल्यावर समजतं. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांमधले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करून बसवलेत, म्हणजे उजेड रस्त्यावर पडतो, वर जात नाही. एवढंच केलंय. एवढंच इतर कुठं का करत नाहीत देव जाणे. वाघोली तलावाजवळ आकाशदर्शनाची सोय आहे. अमावस्या दोन दिवसांवर होती. मृग डोक्यावरून पश्चिमेकडे कललेला, त्याच्याखाली व्याध, दक्षिणेला झाडांच्या वर अगस्ती, पूर्वेला मघा वर आलेली, आणि सप्तर्षी उत्तर-पूर्वेला उभे.

सरांकडे दुर्बीण नव्हती. मुठीनं मोजायचे. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, करंगळी एक अंश. मी आणि मॉनिटर दोघंही अंधारात आपोआप हात लांब करून उभे. शेजारी एक पुण्याचा ग्रुप होता, त्यांच्याकडे ॲप होतं, आकाशाकडे फोन धरला की नाव येतं. त्यांना अगस्ती आमच्या करंगळीनं आधी सापडला. फुशारकी म्हणा हवं तर.

काकू खुर्चीवर शाल घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, आमच्या गच्चीवरून पूर्वी कृत्तिकेतले सहा दिसायचे, आता तीनही दिसत नाहीत. मोजा बरं इथं. पोराला सात दिसले, मला सहा, मॉनिटरला चष्म्यासकट पाच.

दिवस दुसरा : सिल्लारी ते नवेगावबांध

सकाळी सफारी. वाघ नाही. चितळ, नीलगाय, सांबर, एक मोर आणि पायांचे ठसे. ठसे बघून गाईड म्हणाला आत्ताच गेला, हे ते रोजच म्हणत असणार. सरांचा नियम होता की वाघाचं नाव घ्यायचं नाही, सहलीत वाघ हा शब्द उच्चारला की पाच पैसे दंड. दंडाचे पैसेही वहीत जमेत आहेत, १९९० ला एक रुपया पस्तीस पैसे, त्यातले किमान चाळीस पैसे माझे.

त्यापेक्षा मोहाखाली जास्त वेळ गेला. पहाटे पडलेली फुलं, पिवळसर, रसाळ, खाली जमीन झाडून साफ केलेली म्हणजे वेचायला बरं. आजी आणि दोन नाती टोपल्या घेऊन. काकू खाली उतरल्या (गेटच्या बाहेर हं, आत उतरू देत नाहीत) आणि त्या आजीशी अर्धा तास गप्पा. अस्वलालाही मोह आवडतो म्हणून अंधारात वेचायला जायचं नाही, उजाडू द्यायचं, असं ती आजी सांगत होती, आणि काकू मान डोलावत होत्या, जसं काही महालात रोज अस्वल येतं.

पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणात येतं आणि तिथून नागपूरला. सरांच्या १९८८ च्या पानावर समासात लिहिलंय, "पोरांना नळ दाखविला." आधी कळलंच नाही, मग मॉनिटरला आठवलं. धरणाच्या काठावर उभं करून सर म्हणाले होते, हा तुमच्या घरचा नळ, बंद करायला विसरू नका.

तिथून खाली रामटेक, मौदा करत हायवेला लागलो. हा पट्टा पटकन संपवतो कारण मी झोपलो होतो. भंडाऱ्याच्या वैनगंगेच्या पुलावर मॉनिटरनं उठवलं, सगळ्यांनी एकदम "आली आली" केलं. नाग, पिवळी, पेंच, कन्हान, सूर, जे काय आम्ही दोन दिवस मोजत होतो ते शेवटी हिच्यातच येतं, आणि ती पुढं वर्धेला मिळून प्राणहिता, मग गोदावरी. पोरगा म्हणाला म्हणजे आबांच्या अस्थी पण? ताई म्हणाली अंबाळा तलाव आहे रे, नदी नाही. काकू म्हणाल्या, पावसाळ्यात भरून वाहत असेल की. विषय तिथंच थांबला.

लाखनी, साकोली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, तलाव, पुन्हा बांध्या, पुन्हा तलाव. इकडं मामा तलाव म्हणतात, मामा म्हणजे माजी मालगुजारी. मला कितीतरी वर्षं वाटायचं कोण्या मामानं बांधले. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, पाणी अडवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. कोहमाऱ्याहून वळून नवेगावबांधला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती.

दिवस तिसरा : नवेगावबांध

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे.

तलाव एवढा मोठा की पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसत नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. आजूबाजूच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, त्यांनी मदत केली म्हणून बांध टिकला अशी गोष्ट, आणि कोलू पाटलांचा इथं कोलासुर देव झालाय. इंजिनिअरचा देव झालेला मी तरी दुसरीकडं कुठं बघितला नाही.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना इथं राहिले. सरांनी त्यांचं सगळं वाचलेलं, काकागार (कावळ्यांची वसाहत) आणि सारंगागार (बगळ्यांची वसाहत) हे शब्द आम्ही सातवीत शिकलो, आणि परीक्षेत लिहिले तर दुसऱ्या बाईंनी लाल शाई केली होती. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच जूनमध्ये ते गेले. ते वाचलं तेव्हा माझा हात आपोआप सरांना फोन लावायला गेला होता. सर त्याच्या तीन महिने आधीच गेलेले.

काकूंनी गोवऱ्या का आणल्या ते आज कळलं. परवानगी विचारून, गावातल्या एका ओळखीच्याच्या शेताच्या बांधावर गोवऱ्यांचा आर पेटवला आणि रोडगे लावले. वांग्याची भाजी, वरण, सांबार टाकून ठेचा (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेवाल्यांनी गोंधळू नये). रोडगा राखेतून काढून, फडक्यात धरून आपटून, फोडून तुपात बुडवायचा. मला तीन गेले. गाडीवाल्या भाऊला पाच गेले आणि त्यानंतर गोवऱ्यांबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही.

जेवणं झाल्यावर मी काकूंना ते विचारलं जे वही वाचल्यापासून डोक्यात होतं. सरांच्या सगळ्या सहली एका मुक्कामाच्या. जास्तीत जास्त दोन दिवस. आणि परत यायची वेळ कायम संध्याकाळी सातच्या आत. आम्हाला वाटायचं शाळेचा नियम असेल.

"शाळेचा कुठला," काकू म्हणाल्या. "सासूबाई अंथरुणावर होत्या ना. नऊ वर्षं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. मी एक रात्र एकटी काढू शकायची, दोन नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं, किती जमेल तुला? मी म्हटलं एक रात्र. मग त्यांनी नकाशा घेतला आणि एका रात्रीत कुठं कुठं जाऊन येता येईल त्याचं वर्तुळ काढलं पेन्सिलीनं. बस. तेवढ्यातच फिरले."

आमचं सगळं बालपण त्या वर्तुळाच्या आत गेलं आणि आम्हाला ते जग वाटत होतं.

मग मी वही उघडून त्या खोडलेल्या पाच तारखा वाचल्या, आणि काकू एकेकाचं कारण सांगत गेल्या. २००९, रिटायर झाल्यावर लगेच, तेव्हा ताईची डिलिव्हरी जवळ आलेली. २०११, नातू दोन वर्षांचा, ताईची बँकेत बदली, दिवसभर पोर सरांकडे. २०१४, काकूंचा पहिला गुडघा. २०१७, दुसरा. २०२० चं सांगायलाच नको, तेव्हा सगळेच घरात. ताई उठून पाण्याच्या कडेला गेली. पोरगा म्हणाला, म्हणजे दोनदा माझ्यामुळेच. काकू म्हणाल्या, अबे ते तुला सायकलवर पुढं बसवून रोज अंबाझरीला न्यायचे, पक्ष्यांची नावं तुला त्या वयात येत होती, त्यांना काय कमी होतं? हिमालयाचंही फॉर्म भरून ठेवलं होतं, विचारलं तर म्हणायचे हिमालय कुठं पळून चालला.

संध्याकाळी सारस बघायला निघालो. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतांमध्ये. नाही दिसला. चक्रवाक दिसले, जे परतायच्या तयारीत असतात या दिवसांत, आणि जांभळ्या पाणकोंबड्या, आणि एक मासेमारी करणारा पाणकावळा जो पंख वाळत घालून अर्धा तास तसाच. वहीत सरांनी पक्ष्यांसाठी रकाना ठेवलाय. मॉनिटरनं भरला, अक्षर अजूनही तसंच, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा तसं.

दिवस चौथा : नागझिरा आणि परत

पहाटे उठून नागझिरा. नागझिऱ्याच्या आत लाईट नाही हे मला सगळ्यात जास्त आवडतं. १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि तरी ते एखाद्या शांत म्हाताऱ्या माणसासारखं आहे, ताडोब्यासारखी जिप्सींची जत्रा नाही.

गवे दिसले, नऊ. आणि रानकुत्रे. रस्ता ओलांडून एकामागे एक, लालसर, शेपटी काळी, आवाज नाही. शेवटचं एक थांबलं, आमच्याकडे बघितलं आणि मग बाकीच्यांच्या मागे पळत गेलं. काकू हळूच म्हणाल्या, मोजले का? कोणीच मोजले नव्हते. सर असते तर डबा बंद.

वाघ? नाही. परत येताना साकोलीत चहा घेताना गाडीवाला भाऊ म्हणाला चार दिवस जंगलात आणि वाघ नाही, काय फायदा. काकूंनी हात पुढं केला, पाच रुपये काढ. महागाई वाढली आहे म्हणे.

नागपूरला साडेसहाला पोचलो. पारडी नाक्याला जाम होता म्हणून उशीर होत होता आणि मॉनिटर सारखा घड्याळ बघत होता. कोणी वाट बघत नव्हतं घरी. तरी बघत होता. महालात गाडी लागली तेव्हा सहा सत्तावन्न.

काकूंनी सामान आत घ्यायच्या आधी वही काढली. डिझेल, टोल, गेट, जिप्सी, गाईड, खोल्या, तूप, वांगी, दंड जमा पाच. "परत : सायं. ६.५७" लिहिलं. मग पाकिटातून सुट्टे काढून मोजले, उरलेल्याचे पाच भाग केले, आणि माझ्या हातावर त्रेचाळीस रुपये ठेवले. १९९१ ला सरांनी प्रत्येकाला साठ-साठ पैसे परत केले होते, कागदाच्या पुडीत बांधून, हजेरी घेऊन.

मी म्हटलं काकू राहू द्या ना हे.

"राहू द्या काय," त्या म्हणाल्या. "सही कर."